गिऱ्हाइकाचा माणूस

४ मार्च

चिमे,

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज डोकं फिरलंय, तेव्हा अक्षर सांभाळून घे. फोनच करणार होतो. पण ऑफिसात असलीस की तू नुसती ‘हं, हं’ करतेस, आणि घरी असलीस की तुझा नवरा फोन ओढून घेऊन हवापाण्याच्या गप्पा मारतो. म्हणून पत्र.

काल आम्हा एजंटांना ब्रँचमध्ये बोलावलं होतं. आम्ही चौदा जण, बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. नवा साहेब माझ्या मुलाच्या वयाचा असेल. त्याने भिंतीवर रंगीत चित्रं दाखवली आणि सांगितलं की एक एप्रिलपासून कंपनीला स्वतःचे एजंट नकोत. कंपनी फक्त विमा बनवणार, विकायचं काम मोकळे एजंट करणार. मोकळा एजंट म्हणजे दहा कंपन्यांच्या पॉलिस्या एका बॅगेत घेऊन दारोदार फिरणारा. हवं तर परीक्षा द्या, लायसन्स काढा आणि मोकळे व्हा. नको असेल तर तुमची मर्जी. इतकं बोलून त्याने बिस्किटं पुढे केली. मी घेतलं नाही. बाकीच्या तेरांनी घेतलं, तेही मला लागलं.

सव्वीस वर्षं, चिमे. सख्ख्या मेव्हण्याने दुसऱ्या कंपनीची एजन्सी घेतली तेव्हा मी वर्षभर त्याचं तोंड पाहिलं नाही. तुझी वहिनी अजून त्यावरून टोमणे मारते. आता कंपनीनेच माझ्या तोंडाला पानं पुसली. ओळखपत्र द्या, पावतीपुस्तकं द्या, दारावरची पाटी काढा, गिऱ्हाइकांचं रजिस्टर जमा करा. रजिस्टर म्हणे कंपनीचं. चारशे घरांत कोण आजारी आहे, कुणाची सोयरीक मोडली, कुणाला पगार दहा तारखेनंतर होतो, हे माझ्या डोक्यात आहे. तेही काढून घेणार का, विचारलं. साहेब हसला.

पाटीचे स्क्रू गंजले होते. शेवटी शेजारचे मास्तर आले पेचकस घेऊन. तुला आठवत असतील, तुझ्या लग्नातला माझा कोट त्यांनीच शिवला होता. त्यांचं शिंप्याचं दुकान आणि माझी खोली यांच्यात एकच भिंत. माझं पहिल्या वर्षाचं गिऱ्हाईक. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट टाकला, तेव्हा दवाखान्यात त्यांचा डबा मीच पोचवायचो आणि तिथले कागद कंपनीत मीच नेऊन दिले. पाटी काढता काढता ते म्हणाले, आता विधुर दिसाल तुम्ही. मला हसूही आलं आणि रडूही.

एकच सांग. तू हेड ऑफिसात रेकॉर्ड विभागात बसतेस. तुला हे माहीत होतं का?

दादा

११ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार करते आणि आधी शिव्या खाऊन घेते. हो, माहीत होतं. आठ महिन्यांपूर्वी त्या निर्णयाच्या प्रती माझ्याच टेबलावरून पुढे गेल्या. बोलायची बंदी होती, सही घेतली होती. तुला फोन केला की जीव वर-खाली व्हायचा, म्हणून ‘हं, हं’ करत होते. आता तरी कळलं ना?

पण रुसून बसू नकोस. मी इथे रोज आकडे बघते. स्वतःचे एजंट सांभाळणं कुठल्याच कंपनीला नको झालंय. ज्यांनी हट्ट धरला त्यांचा धंदा बसला, आणि जे मोकळे झाले ते बरे कमावतात. तुझ्यासारख्याला काय अवघड आहे? लोक कंपनी बघून पॉलिसी घेत नव्हते, तुला बघून घेत होते. परीक्षा दे. अभ्यासाचा बाऊ करू नकोस, फॉर्म सगळीकडे सारखेच असतात. नाव, वय, धंदा, आजार, वारस. झोपेतही भरशील.

आणि मेव्हण्याशी बोल आता. त्याच्याकडून दोन गोष्टी शिकायला मिळतील. वहिनीला म्हणावं, टोमणे जपून ठेव, पुढेही लागतील.

चिमी

२० मे

चिमे,

तुझा दादा पास झाला. शंभरातले एकाहत्तर. हॉलमध्ये सगळी पोरंटोरं, एकाने मला पर्यवेक्षक समजून जादा कागद मागितला.

पहिले पंधरा दिवस लाज वाटली. एका घरी बसून तीन कंपन्यांची पत्रकं मांडायची म्हणजे मंडईत बसल्यासारखं वाटायचं. पण तू म्हणालीस तसंच झालं. लोक माझ्या मागे येतायत. झालंय काय, की जुन्या कंपनीत आता विचारायला माणूसच नाही. फोन लावला की एक दाबा, दोन दाबा. मास्तरांनी एकदा अर्धा तास दाबादाबी केली आणि शेवटी कात्री आपटून भिंतीवर थाप मारली. मी गेलो तर म्हणाले, ते काही नाही, तुम्ही जिथे जाल तिथे मला घेऊन चला.

मग त्यांना नेलं. नव्या कंपनीत तेवढ्याच हप्त्यात दुप्पट रक्कम मिळते, खोटं वाटेल तुला. जुनी पॉलिसी मोडली, नवी काढली. मास्तरांच्या थोरल्या मुलीला पुढच्या वर्षी कॉलेजात घालायचंय, धाकटी अजून सातवीत, त्यामुळे रक्कम वाढली याचा वहिनींना फार आनंद झाला. मास्तरांच्या बायकोला मी वहिनीच म्हणतो. फॉर्म दुकानातच भरला. मास्तर कुणाच्या तरी बाहीला टाचण्या लावत होते, तोंडात टाचण्या, म्हणाले, तुम्हीच भरा, माझ्याबद्दल माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत. दहा मिनिटांत काम झालं. कंपनीने तपासणीलाही बोलावलं नाही. आमच्या वेळी मास्तरांच्या वयाच्या माणसाला निदान रक्त तरी तपासून घ्यायला लागायचं. हे लोक सुधारलेत.

मेव्हण्याशी बोललो. त्याने मला चहा पाजला आणि पैसे माझ्याकडून घेतले. आहे तसाच आहे.

दादा

१८ सप्टेंबर

चिमे,

मास्तर गेले.

मागच्या आठवड्यात, दुपारी. मशीनचा आवाज थांबला, मला वाटलं सुई तुटली असेल. मग धाकटी ओरडत आली. मी गेलो तेव्हा मशीनवर डोकं ठेवून बसल्यासारखे दिसत होते, पाय अजून पायडलवर. शाळेच्या गणवेशांचा ढीग शेजारी होता, बावीस शिवून झाले होते. रिक्षात माझ्याच मांडीवर गेले, डॉक्टरांनी नंतर फक्त सांगितलं.

सगळं झालं. माणसं आली, गेली. काल वहिनी पॉलिसीचं पाकीट घेऊन आल्या. त्यांनी ते उघडलंही नव्हतं. दुकानाचं भाडं, दोघींचं शिक्षण, सगळं आता याच एका कागदावर आहे, हे त्यांनाही माहीत आणि मलाही. म्हणाल्या, भाऊजी, हे म्हणायचे, मला काही झालं तर फक्त भिंतीवर थाप मार. मी सांगितलं, तुम्ही काळजीच करू नका, हे काम माझं. आजच क्लेम पाठवला. सव्वीस वर्षांत माझा एकही क्लेम परत आलेला नाही, हे तुला माहीत आहे.

आज दुसरं काही लिहवत नाही.

दादा

२७ सप्टेंबर

प्रिय दादा,

मास्तरांचं वाचून वाईट वाटलं. त्यांनी शिवलेला तुझा कोट, त्याच्या आतल्या खिशावर तुझं नाव घातलं होतं, ते आठवलं.

एक विचारते, रागावू नकोस. नव्या कंपनीच्या फॉर्मवर हृदयाच्या आजाराचा प्रश्न असेल. त्यापुढे तू काय लिहिलं होतंस? पॉलिसी चारच महिन्यांची आहे. इतक्या लवकर क्लेम आला की चौकशी होतेच, म्हणून विचारलं. नीट आठवून कळव. आणि उत्तर घरच्या पत्त्यावर पाठव, ऑफिसच्या नको.

चिमी

१ ऑक्टोबर

चिमे,

तुझं पत्र वाचलं. फॉर्मची प्रत काढून पाहिली. ‘हृदयविकार, शस्त्रक्रिया किंवा उपचार’ आणि पुढे माझ्या अक्षरात ‘नाही’.

कसं झालं ते सांगतो, दुसऱ्या कुणाला पटणार नाही, पण तू रेकॉर्डमध्ये बसतेस, तुला कळेल. मास्तरांचा हप्ता दर पावसाळ्यात थकायचा. पॉलिसी बंद पडायची आणि पुन्हा चालू करायला आपला तो एक पानी फॉर्म भरावा लागायचा. त्यात एकच प्रश्न, मागच्या वेळेनंतर तब्येतीत काही बदल? स्टेंट तर कंपनीच्या फाइलला लागलेलाच होता, तेव्हा मी दर वर्षी लिहायचो ‘नाही’. मास्तरांच्या नावापुढे आठ वर्षं मी हेच लिहीत आलो. नव्या फॉर्मवरही हात आपोआप तेच लिहून गेला. मी प्रश्न वाचलाच नाही, चिमे. मला वाटलं, कंपनीला माहीत आहे. कुठल्या कंपनीला, हा विचारच मनात आला नाही. माझ्यासाठी कंपनी म्हणजे एकच होती.

मास्तरांनी काही लपवलं नाही. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या आणि त्यांनी खाली सही केली.

पण घाबरायचं कारण नाही. मला स्टेंटची माहिती होती ना? आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं. मागे त्या दूधवाल्याच्या क्लेमला हेच झालं होतं. मी ब्रँचमध्ये जाऊन लेखी दिलं की त्याने मला आजार सांगितला होता, चूक माझी, आणि कंपनीने पैसे दिले. मला तीन महिने कमिशन नव्हतं, एवढंच. आताही तसंच लिहून देतो. लायसन्स गेलं तर गेलं.

दादा

६ ऑक्टोबर

प्रिय दादा,

काही लिहून देऊ नकोस. आधी हे पूर्ण वाच.

तो नियम कंपनीच्या एजंटला होता. तू कंपनीचा माणूस होतास, म्हणून तुला माहीत म्हणजे कंपनीला माहीत. मोकळा एजंट कंपनीचा नसतो, तो गिऱ्हाइकाचा माणूस धरतात. परीक्षेच्या पुस्तकात होतं हे, तू वाचलंही असशील, पण अंगात भिनलं नाही. आता तुला माहीत होतं म्हणजे मास्तरांना माहीत होतं, बस. तू कबुली दिलीस तरी ते पैसे देणार नाहीत. तुझं लायसन्स मात्र नक्की जाईल, आणि दंडही होईल. तू गेलास तर बाकीच्या घरांचं कोण बघणार?

आता दुसरं. हे लिहायला मी दोन दिवस घेतले. नव्या कंपनीने आमच्याकडे मास्तरांची जुनी फाइल मागितली होती. असे अर्ज दिवसाला चाळीस येतात. मी नाव वाचलं नाही, नंबर बघितला, दवाखान्याच्या कागदांची प्रत काढली आणि सही करून पाठवली. तुझं अठरा तारखेचं पत्र त्यानंतर दोन दिवसांनी आलं. मग मी रजिस्टरात मागे जाऊन पाहिलं. जे कागद तू स्वतः आणून दिले होतेस, तेच मी पाठवले. वाचलं असतं तरी पाठवावेच लागले असते, पण मी वाचलं नव्हतं, हे मला सोडत नाही.

आणि फॉर्म सगळीकडे सारखेच, हेही मीच लिहिलं होतं.

खरं सांगू? मला माझीही भीती वाटते. इथल्या फाइलबद्दल तुला कळवते आहे, एवढ्यावर माझी नोकरी जाऊ शकते. माझं ऐक. गप्प बस. ते नाकारतील, मास्तरांच्या बायकोला वाईट वाटेल, पण तुझ्या बोलण्याने त्यांना एक पैसाही मिळणार नाही. मग बोलून काय करणार आहेस?

चिमी

९ जानेवारी

चिमे,

तीन महिने पत्र नाही म्हणून तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी ‘हं, हं’ केलं. आता सगळं लिहितो.

मी तुझं ऐकलं. पुढे जे वाचशील त्यात तुला दोष देतोय असं समजू नकोस. सांगणारी तू होतीस, पण तोंड माझं होतं.

नोव्हेंबरात कंपनीचं पत्र आलं. कुठलाही सरकारी-बिनसरकारी कागद आला की वहिनी माझ्याकडे आणतात, बावीस वर्षांची सवय. मीच वाचून दाखवलं. ‘विमाधारकाने आजार जाणूनबुजून दडवला. सबब क्लेम नामंजूर.’ त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. दडवला म्हणजे, असं विचारलं. मी म्हटलं, बघतो काय करता येतं ते. पत्राची घडी घालून त्यांच्या हातात दिली आणि कुठे बघायचं ते मला माहीत नव्हतं.

दोन-चार दिवसांत गल्लीभर झालं. मास्तर गोड बोलून बायकापोरींना वाऱ्यावर सोडून गेले, असं लोक बोलायला लागले. थोरलीने कॉलेजचा विचार सोडला, मशीनवर बसायला लागली. तिला बापासारखं कापता येत नाही, नुसतं उसवून शिवते. मास्तरांची मापांची वही होती, गावातल्या निम्म्या माणसांची मापं त्यात. ती वहिनींनी रद्दीत घातली. त्यांचं नाव घराबाहेर काढत नाहीत आणि घरात काढलं तर भांडणासारखं काढतात. माझ्या खोलीत सगळं ऐकू येतं. एकदा त्या मशीनशी बोलत होत्या. मला का नाही सांगितलंत, मला तरी सांगायचं होतंत, असं. मी हिशेबाचे कागद पुढे ओढले आणि काहीतरी लिहीत बसलो.

तरीही मी गप्प होतो. तुझंच वाक्य मनात घोळवत होतो, बोलून एक पैसाही मिळणार नाही. खरंच होतं ते. आणि सोयीचंही होतं. मी तेवढ्यात आणखी काय केलं सांगू? एप्रिलपासून भरलेले सगळे फॉर्म काढून बसलो. त्रेसष्ट. मास्तर सोडून, त्यातल्या अकरांवर आजार असतानाही मी तसंच ‘नाही’ लिहिलंय. अकरांनी जुन्या पॉलिस्या मोडल्यात. सगळी माणसं धडधाकट फिरतायत, मला रस्त्यात हात करतायत.

डिसेंबरच्या शेवटी वहिनी आल्या. चहा घेऊन आल्या होत्या. बसल्या, आणि म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांनी तुमच्यापासूनही लपवलं ना? तुमचंही नाव खराब केलं कंपनीत. ह्यांच्या वतीने मी माफी मागते.”

माझी माफी, चिमे. तो चहा मी प्यायलो. त्या गेल्यावर उठून भिंतीपलीकडे गेलो.

सगळं सांगितलं. बाही, टाचण्या, एक पानी फॉर्म, तुझं नाव सोडून सगळं. वहिनी उभ्या होत्या, त्या हळूहळू खाली बसल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, म्हणजे ह्यांनी काही केलं नव्हतं. मी म्हटलं, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. मी म्हटलं, माझ्यावर दावा लावा, खोली माझ्या नावावर आहे, कागद मी स्वतः लिहून देतो. त्या म्हणाल्या, कागद पुरे झाले.

कंपनीलाही लिहिलं. परवा उत्तर आलं, दोन ओळींचं. आपण विमाधारकाचे प्रतिनिधी असल्याने आपल्या निवेदनाने निर्णयात फरक पडत नाही, आपलं लायसन्स तूर्त स्थगित. तू म्हणालीस तसंच, अक्षरशः. वहिनींना काही मिळालं नाही आणि आता मिळणारही नाही. दुकान या महिनाअखेर त्या सोडतायत, भावाकडे जातील. अकरा घरांपैकी चार घरी जाऊन सांगून आलो, सात राहिलीत. पहिल्या घरी मला आधी पाणी दिलं, नंतर हाकललं.

तुझं नाव कुठेही आलेलं नाही, निर्धास्त रहा. ही पत्रं मी जाळणार आहे, तूही जाळ.

एक राहिलं. मी वहिनींना सांगत होतो तेव्हा थोरली मशीनवर होती. पाठमोरी. कुणाच्या तरी विजारीची मोहरी उसवत होती, तिचे हात थांबले नाहीत. मला वाटलं तिचं लक्ष नाही. मी निघालो तेव्हा तिने दोरा तोडला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “काका, मग हे तीन महिने तुम्ही कुठे होतात?”

मी शेजारीच होतो, चिमे. हे तिला ठाऊक आहे.

दादा